चौसष्ट घरांचे समाधान

एकदा एका नगरात एक वृद्ध आचार्य राहत असत. त्यांच्याजवळ सत्ता नव्हती आणि संपत्तीही नव्हती. पण दोन भावांचे वाटणीवरून बिनसले किंवा दोन गावांत पाण्यावरून तंटा झाला, की माणसे त्यांच्या आश्रमाची पायरी चढत. त्यांचा शब्द प्रमाण मानला जाई. त्यांचा एक तरुण शिष्य होता. तो हुशार होता, अक्षर मोत्यासारखे होते, आणि आपण हुशार आहोत याची त्याला पुरेशी कल्पनाही होती.

नगराच्या वेशीबाहेर गाडीतळ नावाची वस्ती होती. चाळीस वर्षांपूर्वी नदीवर पूल बांधायला पाथरवट, सुतार, चुना मळणाऱ्या बाया अशी कष्टकरी माणसे दूरदूरहून आली होती. प्रत्येकाची खोली लाकडी फळ्यांची, बैलगाडीच्या चाकांवर उभारलेली. काम असेल तिथे घर ओढून न्यायचे, हीच त्यांची रीत. पण हा पूल बांधायला अकरा वर्षे लागली, आणि तोवर बैल म्हातारे झाले, मुलांची लग्ने झाली. माणसे तिथेच राहिली. कोणी घरापुढे पडवी काढली, कोणी शेवगा लावला. चाके अर्धीअधिक जमिनीत रुतली आणि लाकडी आस कुजून गेले. घर ज्याचे त्याचे होते, खालची जमीन मात्र एका व्यापाऱ्याची. तिचे तळभाडे दर महिन्याला द्यावे लागे.

व्यापारी वारला आणि त्याचा मुलगा गादीवर बसला. त्याने एका वर्षात तीनदा तळभाडे वाढवले. वस्तीतली चार वडीलधारी माणसे हात जोडून त्याच्याकडे गेली, तेव्हा तो हसून म्हणाला, "अहो, मी कुणाला बांधून ठेवलंय का? तुमची घरं तर चाकांवर आहेत. परवडत नसेल त्यानं जावं."

अखेर प्रकरण नगरसभेपुढे आले. तळभाड्याला मर्यादा घालावी असा ठराव कोणीतरी मांडला. निम्मी सभा इकडे, निम्मी तिकडे. तेव्हा हा नवा व्यापारी उठला आणि मोठ्या नम्रतेने म्हणाला, "वाद कशाला? माझ्या रहिवाशांनाच विचारा. निम्मे जरी असमाधानी निघाले, तर मर्यादा मला मान्य आहे." सभेला हे फार आवडले. निष्पक्ष चौकशी कोण करणार, तर आचार्यांचा आश्रम. आचार्यांनी ते काम शिष्यावर सोपवले. निघताना एवढेच म्हणाले, "एकटा जा."

शिष्याने रात्रभर विचार करून सात प्रश्न तयार केले होते. सकाळी तो गाडीतळाच्या तोंडाशी पोहोचला, तर व्यापाऱ्याचा कारकून घरांची यादी घेऊन उभाच होता. "शेठजींनी पाठवलं. गल्ल्या अरुंद आहेत, कुत्री अंगावर येतात. मी नुसता वाट दाखवीन." शिष्याला गुरूंचे शब्द आठवले. पण यादी आयती मिळत होती, आणि कारकून तर फारच सज्जन दिसत होता. त्याने शिष्याच्या डोक्यावर आपली छत्री धरली. वाट दाखवणाऱ्याला 'सोबत' थोडीच म्हणतात, अशी शिष्याने मनाची समजूत घातली.

आणि खरोखरच कारकून दिवसभर अवाक्षर बोलला नाही. दारोदार तो दोन पावले मागे, छत्री धरून, उभा राही.

पहिले घर बयाजी सुताराचे. "तळभाडे योग्य वाटते का?" शिष्याने विचारले. बयाजीने शिष्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहिले. "योग्य आहे की. शेठजी देवमाणूस."

पुढच्या दारात एका पाथरवटाची विधवा होती, सरूबाई. तिने ताक पुढे केले तेव्हा अर्धे ताक उंबऱ्यावर सांडले. आश्रमातल्या माणसाला पाहून ती संकोचली असावी, असे शिष्याला वाटले. तीही समाधानी होती. तिच्या पुढचा समाधानी, त्याच्या पुढचाही. शिष्याला जरा नवल वाटले. मग वाटले, लोक उगाच आरडाओरडा करतात. शांतपणे विचारले की खरे कळते.

फक्त एका दारी निराळे घडले. तिथे चंद्राआत्या राहत असे. पुलासाठी चुना मळता मळता तिची दृष्टी जवळजवळ गेली होती. समोरचे माणूस तिला धुक्यातल्या झाडासारखे दिसे. शिष्याने प्रश्न विचारताच तिने मान तिरकी केली.

"तुझ्याबरोबर आणखी कोण आहे रे बाबा? दोन माणसांच्या पायांचा आवाज आला."

"माझ्याच सोबतचे आहेत, आत्या."

"आश्रमाचे?"

शिष्याने मागच्या छत्रीकडे पाहिले. उन्हे चढली होती, अजून वीस घरे राहिली होती. तो म्हणाला, "हो, तसंच समजा."

मग आत्याने मन मोकळे केले. "तर लिही. मी सुखी नाही. भाडं भरायला मी एक वेळची चूल बंद केली. हे घर माझ्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं बांधलं, पण रोज झोपताना वाटतं, कुणाच्या तरी तळहातावर झोपलेय. त्यानं मूठ वळली की संपलं. माझ्या एकटीचं नाही सांगत. त्या बयाजीला विचार, सरूला विचार, सगळ्यांचं हेच आहे."

शिष्याने ते सारे सुंदर अक्षरात लिहून घेतले. छत्री किंचितही हलली नाही.

संध्याकाळी आकडे तयार झाले. चौसष्ट घरांपैकी दोन बंद, एकसष्ट समाधानी, एक असमाधानी. आश्रमाची वाट सभागृहावरूनच जात होती. काम एका दिवसात संपवल्याचा आनंद त्याला आवरेना. त्याने आकडे तिथेच चिटणीसाच्या हाती दिले आणि मग कागदांचा गठ्ठा घेऊन गुरूंकडे गेला.

आचार्यांनी सगळे कागद वाचले. मग विचारले, "तू एकटा गेला होतास?"

शिष्याने सांगितले. छत्रीसकट सगळे सांगितले. आचार्यांचा चेहरा राखेसारखा झाला. ते लगेच काठी घेऊन सभागृहाकडे निघाले. पण चिटणीस घरी गेला होता आणि आकडे व्यापाऱ्यापर्यंत पोहोचले होते.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. गाडीतळाची माणसे मागे भिंतीला टेकून उभी होती. आचार्य उठले आणि म्हणाले, "ही चौकशी माझ्या आश्रमाची आहे. ती मी मागे घेतो. हा आकडा धरू नये."

अध्यक्षांनी विचारले, "आपल्या शिष्यानं खोटं लिहिलं का?"

"नाही. जे ऐकलं तेच त्यानं लिहिलं."

तेव्हा व्यापारी गोड आवाजात म्हणाला, "मग आचार्य, माझे रहिवासी खोटं बोलले असं आपलं म्हणणं आहे का? तसं असेल तर कोण खोटं बोललं तेवढं सांगा. नावानिशी सांगा. मी एकेकाला बोलावून विचारतो."

शिष्याला वाटले, आता गुरुजी बोलतील आणि या माणसाची वाचा बसेल. आचार्यांनी मागे भिंतीकडे पाहिले. बयाजी पायाकडे बघत होता. सरूबाईने पदराचा बोळा तोंडात धरला होता. आचार्य बराच वेळ तसेच उभे राहिले आणि मग, एक शब्दही न बोलता, खाली बसले.

ठराव फेटाळला गेला. रहिवासी समाधानी असल्याची नोंद झाली. आयुष्यात पहिल्यांदाच शिष्याला आपल्या गुरूंची लाज वाटली.

आठवडाभरात चंद्राआत्याला निरोप आला. शेठजींना कळले आहे की आपण इथे सुखी नाही. दुःखी माणसाला अडवून ठेवणे त्यांना बरे वाटत नाही. तरी पौर्णिमेच्या आत घर हलवावे. आचार्य व्यापाऱ्याकडे दोनदा गेले. दोन्ही वेळा त्यांना आदराने बसवले, केशरी दूध दिले, आणि परत पाठवले.

पौर्णिमेला बारा गड्यांनी घराला दोर लावले. पहिल्याच हिसक्याला रुतलेली चाके जमिनीतच राहिली आणि वरची खोली कलंडली. फळ्या सुटल्या. मडकी, चूल, पाटा, सगळे एका ढिगात आले. वस्तीतली माणसे आपापल्या दारात उभी होती. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? कोणी पुढे झाले नाही. आत्याला नीट दिसत नव्हते, ती फक्त विचारत होती, "पडलं का? सगळं पडलं का?"

आचार्यांनी तिला हाताला धरून आश्रमात आणले.

दुसऱ्या सकाळी त्यांनी कागदांचा गठ्ठा शिष्यापुढे ठेवला. "हे ज्याचे त्याला परत दे. प्रत्येकाच्या दारात त्याचा कागद त्याला वाचून दाखव. आणि आज एकटा जा."

शिष्याचा संयम सुटला. "आता याचा काय उपयोग, गुरुजी? बोलायचं तेव्हा आपण सभेत गप्प बसलात. आता कागद वाटून काय होणार?"

"काही होणार नाही," आचार्य म्हणाले. "तरी जा."

तो गेला. बयाजी रंधा मारीत बसला होता. शिष्याने वाचले, "बयाजी सुतार. तळभाडे योग्य. मालकाविषयी समाधान. वस्ती सोडण्याची इच्छा नाही."

बयाजीने रंधा खाली ठेवला. "शेवटचं तेवढं खरं आहे," तो म्हणाला.

सरूबाईने दोनच ओळी ऐकल्या आणि हात वर केला. "हळू वाचा हो. पोरं ऐकतात." एका पाथरवटाने कागद त्याच्या अंगावर फेकला आणि दार लावून घेतले. एक म्हातारा मात्र खाली बसला, शिष्यालाही बसवले, आणि म्हणाला, "हे खोड, आणि खरं काय ते लिही."

"बाबा, आता ते सभेत चालणार नाही."

"सभेला कोण दाखवतंय? माझ्या नावावर खोटं राहिलंय, ते खोड."

शिष्याने खोडले आणि म्हातारा सांगेल तसे लिहिले. लिहिता लिहिता त्याचे मोत्यासारखे अक्षर बिघडले. दिवस मावळेपर्यंत एकोणीस जणांनी आपले कागद असेच बदलून घेतले आणि घडी करून घरात ठेवले. ते कधीच कोणाला दाखवता येणार नाहीत, हे देणाऱ्याला ठाऊक होते आणि घेणाऱ्यालाही.

चंद्राआत्याचा कागद त्याने शेवटी ठेवला होता. आश्रमाच्या ओसरीवर ती बसली होती. त्याने वाचून दाखवला. तिने सगळा ऐकून घेतला. "बरोबर लिहिलंयस," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "त्या दिवशी तुझ्याबरोबर कोण होतं रे?"

शिष्याने खाली मान घालून सांगितले.

आत्या रागावली नाही. "मी विचारलं होतं तुला," एवढेच ती म्हणाली, आणि भिंत चाचपडत आत गेली.

शिष्य गुरूंपुढे जाऊन बसला. त्याला रडू येत होते, पण रडण्याचा अधिकार आपल्याला नाही असे वाटत होते. आचार्य म्हणाले,

"बाळ, तू त्या दिवशी भीती मोजलीस आणि कागदावर तिचं नाव समाधान असं लिहिलंस. ज्याच्या पायाखालची जमीन दुसऱ्याची आहे, त्याला त्या दुसऱ्याचा माणूस समोर असताना 'सुखी आहेस का?' असं विचारणं हा प्रश्न नव्हे, दटावणी आहे. तुझ्या प्रश्नांत दोष नव्हता, तू उभा होतास त्या जागेत होता. सभेत मी गप्प का बसलो, ते तुला कळलं नाही. ही माणसं खोटं बोलली असं मी म्हणालो असतो, तर माझा शब्द खरा ठरला असता आणि एकाऐवजी एकसष्ट घरं उलथली असती. सत्य बोलायची किंमत दुसऱ्यानं भरायची असेल, तर बोलणाऱ्यानं आधी त्याच्या तोंडाकडे पाहावं. मी पाहिलं. आणि तरीही सांगतो, त्या दिवसापासून मला झोप नाही. तुला 'एकटा जा' म्हणालो, पण का, ते सांगितलं नाही. तुला कळेल असं गृहीत धरलं. तोही अहंकारच."

"मग आज कागद कशासाठी परत करायला लावलेत?"

"त्या माणसांचे शब्द तू नेले होतेस, ते त्यांचे त्यांना द्यायचे होते. आणि काय नेलं होतंस, ते तुझ्या कानांनी तू ऐकायला हवं होतंस."

चंद्राआत्या त्या हिवाळ्यात वारली. गाडीतळाचे भाडे पुन्हा वाढले. नगरसभेच्या दप्तरात रहिवासी समाधानीच राहिले.

दोन वर्षांनी सभेने आश्रमाला आणखी एक काम सांगितले. कुठल्याशा गिरणीतल्या कामगारांना विचारायचे होते की पगार पुरतो का. आचार्य थकले होते, म्हणून चिटणीस शिष्याशीच बोलला. शिष्याने विचारले, "माणसांनी नाही म्हटलं, तर त्यांचं नाव कोणाला कळेल? आणि कळलं, तर त्यांचं काय होईल? एवढं आधी लिहून द्या. मग जातो."

चिटणीस 'बघतो' म्हणाला आणि निघून गेला. चारच दिवसांत ते काम दुसऱ्या कोणीतरी केले. कामगार समाधानी आहेत असे बाजारात ऐकू आले. शिष्याने ते ऐकले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीच्या मागल्या बाजूला, जिथे कामगारांच्या खोल्या होत्या तिथे, एकटाच चालत गेला. हातात कागद नव्हता. एका दारापुढे तो बसून राहिला. पहिले तीन दिवस त्याच्याशी कोणी बोलले नाही.