कुंपणावरून आलेली सुकट

ही गोष्ट इतकी जुनी आहे, की त्या गावाचं नावही आता कुणाला आठवत नाही. तिथे बकुळा नावाची एक बाई राहायची. एका उन्हाळ्यात तिने पहिल्यांदाच पाच कोंबड्या पाळल्या. त्यांतली तांबडी तिची फार लाडकी. बकुळाने हाक मारली, की ती धावत येऊन थेट मांडीवर बसायची.

पावसाळा सरला, दिवस लहान झाले. एका सकाळी परसात पाहावं तिकडे पिसंच पिसं! कोंबड्या पाचही होत्या, पण अंडं एकही नव्हतं. बकुळाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तिने कुंपणापलीकडे पाहिलं, तर शेजारची धुरपाआजी निवांत बसून कोंबडीच्या पिसाने कान कोरत होती.

आता बाळांनो, सरळ विचारायला काय हरकत होती? पण संशय आलेला माणूस विचारत नाही, पाळत ठेवतो. बकुळा दाराआड दबा धरून उभी राहिली. थोड्या वेळाने आजीने कुंपणावरून मूठभर सुकट टाकली. कोंबड्या त्या सुकटीवर तुटून पडल्या.

"अशी भुलवते होय म्हातारी!" बकुळा पुटपुटली. "आधी खायला घालायचं, मग पिसं उपटायची आणि अंडी लांबवायची."

उरलेली सुकट तिने झाडून उकिरड्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी तांबडीची मान पार उघडी पडली, तेव्हा तर तिची खात्रीच झाली. तिने पाचही कोंबड्या खुराड्यात कोंडल्या.

आजीने हाक मारली, "पोरी, कोंडू नगंस त्यास्नी. अगं, ऐक तरी..."

"तुमचं सगळं कळतं मला!" म्हणत बकुळाने दार लावून घेतलं.

खुराड्यात हलायलाही जागा नव्हती. कोंबड्यांच्या अंगावर कोवळी, रक्ताने भरलेली पिसं फुटत होती. एकीची चोच तांबडीच्या मानेला लागली, रक्त आलं. रक्त दिसताच बाकीच्याही टोचू लागल्या. सकाळी बकुळाने दार उघडलं, तेव्हा तांबडी मरून पडली होती.

तिचं रडणं ऐकून आजी आली. तिने तांबडीच्या मानेवरून हात फिरवला. नव्या पिसांची टोकं हाताला लागत होती.

"दर वर्साला झडत्यात गं पिसं," आजी म्हणाली. "तवा अंडी बी देत न्हाईत. नवी पिसं यायला अंगात बळ लागतं, म्हून सुकट टाकत हुते. उडून आलेलं एक पीस कानासाठी उचललं, एवढंच. इचारलं असतंस तर सांगितलं असतं."

बकुळाने उरलेल्या चौघींना परसात मोकळं सोडलं.

दोन महिन्यांत उरलेल्या चौघी नव्या पिसांनी झळकू लागल्या, अंडीही देऊ लागल्या. पण बकुळा हाका मारून दमली, तरी तिच्या मांडीवर पुन्हा कुणी येऊन बसलं नाही.

म्हणून संशय आला, तर पाळत ठेवण्याआधी एकदा विचारून पाहावं.