काचेच्या पेटीतला तिसरा मासा

ही गोष्ट मला जशीच्या तशी आठवते, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. मासे तीन होते की चार, इथपासून शंका आहे. मी तीन धरतो. चूक असली तर ती माझी, गोष्टीची नाही.

फार पूर्वी समुद्रकाठच्या एका गावात एक सासू आणि तिची सून राहत होत्या. सासूचा एकुलता मुलगा गलबतावर दूरदेशी गेला होता. सुनेने माहेराहून येताना काचेच्या पेटीत तीन सोनेरी मासे आणले होते. गावाला त्याची मोठी गंमत वाटे. शेजारीण तर रोज हटकायची, "अगं, आमच्याकडे मासा ताटात असतो, तुझ्याकडे पेटीत! कालवण कधी?"

मुलगा निघाला त्या दिवशी सासूने शेजारणीच्या कुंपणावरून बरकतीच्या वेलीचा एक फाटा गुपचूप तोडून आणला. आपण तिला आता मनी प्लांट म्हणतो. ही वेल चोरून आणली तरच वाढते, अशी समजूत होती. सासूने फाट्याचा बुडखा माशांच्या पाण्यात सोडला आणि पानं पेटीबाहेर काढली. पाण्यात पांढरी मुळं फुटली. मासे त्यांतून लपाछपी खेळू लागले. वेल खिडकीवर चढली. सासू मनात म्हणे, वेल हिरवी आहे तोवर माझा पोर सुखरूप आहे.

मग एक पान पिवळं पडलं.

पिवळं पान काही वेगळं नसतं; जुनं झालं की पडतं. पण सासूला त्यात मुलावरचं संकट दिसलं. सून विहिरीवर गेलेली पाहून तिने माडांना घालायच्या भिजवलेल्या पेंडीचं पाणी वाटीभर पेटीत ओतलं.

दुसऱ्या दिवशी एक मासा उलटा तरंगत होता.

सून रडली. शेजारीण मात्र म्हणाली, "रडतेस काय? घरावरची पीडा माशाने अंगावर घेतली. गलबतावरचं संकट टळलं म्हण!"

सासूने देवापुढे साखर ठेवली. मुलगा वाचला! वेलीला आणखी बळ यावं म्हणून तिने पुन्हा वाटी ओतली. दुसरा मासा गेला. सासूने पुन्हा साखर ठेवली, पण या वेळी पेटीकडे न पाहता.

पाणी आता गढूळ झालं होतं. उरलेला मासा वर येऊन तोंड उघडझाप करत होता, जणू त्याला हवा पुरत नव्हती. सून विळा घेऊन आली.

"आत्याबाई, या मुळांचंच विष पाण्यात उतरतंय. मी वेल कापते."

"खबरदार! वेलीला हात लावशील तर!"

"मग मासा मरेल."

"मरू दे. माझ्या पोरासाठी मरतोय तो."

सून थांबली. विळा खाली न ठेवता तिने विचारलं, "तुम्ही पाण्यात काही घातलंत का?"

सासू वेलीची पानं चाचपू लागली. 'हो' म्हटलं, तर ते दोन मासे पीडा घेऊन गेले नव्हते, तिच्या हातून गेले होते. म्हणजे मुलावरचं संकट टळलंच नव्हतं. 'नाही' म्हटलं, की सगळं जिथल्या तिथे राहणार होतं.

"नाही," ती म्हणाली.

मासा एका कुशीवर कलला. त्याचा एक डोळा वर, सासूकडे होता.

"घातलं गं!" सासू एकदम ओरडली. "पेंडीचं पाणी घातलं. वेलीसाठी. मीच मारले ते दोघे." आणि मटकन खाली बसली. "आता माझ्या पोराचं काय होणार?"

सुनेचा तर नवराच होता तो. तरी ती म्हणाली, "ते समुद्राला ठाऊक. हा मासा मात्र आपल्या हातात आहे. उठा, परात धरा."

दोघींनी परातीत रांजणातलं निवळ पाणी घेऊन मासा त्यात ठेवला. पेटी धुतली. सुनेने वेलीची मुळं खळबळून घेतली. एकही कापलं नाही. मासा आडवाच होता. सासू परातीशी बसून राहिली. कितीतरी वेळाने त्याचे कल्ले हलले. दिवस कलताना तो सरळ झाला.

वेल पुन्हा पेटीत गेली. मासा पाण्यात जी घाण करी, तीच मुळांना पुरे. मुळं ती शोषत, म्हणून पाणी लवकर बिघडत नसे. मधे कोणी वाटी ओतायची गरजच नव्हती.

मुलगाही पुढे परतला. उशिरा आला असावा. वारा पडला होता म्हणे.

तात्पर्य एवढंच: संकट दुसऱ्यावर गेलं म्हणून साखर ठेवण्याआधी, ते आपल्याच हातून तर गेलं नाही ना, हे पाहावं.

बाकी तपशिलांची खात्री नाही. पण एक गोष्ट मी बऱ्याच वर्षांनी त्या घरातल्या एका बाईंना विचारून पक्की केली: सासू म्हातारपणी आपल्या अंथरुणात वारली, तेव्हा तो मासा जिवंत होता.