भुशाचं कुरण

पुष्कळ वर्षांमागची गोष्ट आहे. लहानांनी पुढे सरकून बसा, मोठ्यांनी मागून ऐकलं तरी चालेल.

एका डोंगराच्या दोन अंगांना दोन गावं होती. सूर्य उगवतो त्या अंगाला उगवतवाडी, मावळतो त्या अंगाला मावळतवाडी. डोंगरावर मोठं कुरण होतं. दोन्ही गावांची गुरं दिवसभर तिथं चरत आणि दिवेलागणीला आपापल्या गोठ्यात परतत. डोंगर कुणाचा, हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

एका वर्षी पाऊस कमी झाला आणि कुणीतरी ते विचारलं.

मग काय! उगवतवाडीचा पाटील म्हणाला, "चांगलं गवत सगळं मावळतवाडीची गुरं खातात." मावळतवाडीचा पाटील म्हणाला, "आमच्या वाट्याचं तुमची गुरं खातात." बोलाचाली झाली, दगडफेक झाली, एका गरीब बैलाचं शिंग मोडलं. शेवटी दोघे पाटील राजाकडे गेले. डोंगराच्या मधून रेघ मारावी, एवढ्यावर दोघांचं एकमत होतं. ती कुठून मारावी, यावर नव्हतं.

राजा नुकताच घोड्यावरून पडला होता. पाय फळ्यांमध्ये बांधून, लोडाला टेकून तो न्याय देत होता.

"रेघ मारायची तर डोंगर पाहायला हवा," तो म्हणाला. "पण मोडलाय माझा पाय. डोंगराचा नाही ना मोडला? मग तोच इकडे घेऊन या."

पाटील एकमेकांकडे बघू लागले.

"तसं नव्हे. डोंगराची हुबेहूब प्रतिकृती करून आणा. दोन्ही गावांनी मिळून एकच आणायची. दोन आणल्यात, तर दोन्ही खोट्या असणार हे मला आत्ताच कळतंय. मार्गशीर्षाच्या पौर्णिमेपर्यंत मुदत. तोवर जमलं नाही, तर कुरण माझ्या पागेच्या घोड्यांना."

आता दोघांनाही घाम फुटला. कुरण गेलं तर गुरं गेली, आणि गुरं गेली तर गाव कसं राहायचं?

दोन्ही गावांना चालेल असं माणूस एकच होतं. येसू कुंभारीण. जन्मली उगवतवाडीत, नांदली मावळतवाडीत. गावच्या नात्यानं एका गावाची ती आत्या आणि दुसऱ्या गावाची वहिनी. नवरा गेल्यापासून ती दोन्ही गावांच्या मधल्या खिंडीत राहायची आणि पोळ्याचे बैल, चुलीबोळकी असं काहीबाही करून विकायची.

"करीन," येसू म्हणाली, "पण सामान लागेल."

उगवतवाडीचा पाटील म्हणाला, "आधी ते देऊ देत." मावळतवाडीचा म्हणाला, "आधी ते." दोघांच्याही कनवटीची गाठ सुटली नाही. येसू समजायचं ते समजली. एक जुनं, मोडकं दार होतं, ते तिनं अंगणात आडवं टाकलं आणि कामाला लागली.

बांबूच्या कामट्यांचा सांगाडा केला, म्हणजे डोंगर हलका राहील. त्यावर चिंध्या ताणल्या आणि मातीशेणाचा पातळ लेप दिला. सुळका झाला, उताराच्या सोंडा झाल्या, झऱ्याची घळ झाली. मग मातीची गुरं केली, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. इथवर सगळं झकास झालं.

पण कुरणाचा डोंगर तो. त्यावर गवत नको?

दिवाळीच्या किल्ल्यावर मुलं पेरतात तसे तिनं आधी हळीव पेरले. चार दिवसांत कोवळे कोंब तरारून आले. येसू खूश झाली. मग तिनं त्यात एक बैल ठेवला आणि बैल दिसेनासाच झाला. हरभऱ्याएवढ्या बैलाला ते गवत कसलं, ताडाचं बन झालं होतं! शिवाय आठ दिवसांत ते पिवळं पडून लोळलं. राजवाडा तर तीन दिवसांच्या वाटेवर.

मग तिनं स्वतःच्या लग्नातला हिरवा शालू काढला. मन घट्ट करून त्याचा एक तुकडा डोंगरावर पसरून पाहिला. डोंगर थंडी वाजून पांघरूण घेऊन बसल्यासारखा दिसायला लागला. येसूला हसू आलं. तिनं शालू घडी करून पुन्हा ठेवून दिला.

त्या दिवशी सुताराकडे ती फळी मागायला गेली होती. करवतीखालून भुसा उडून तिच्या हातावर बसला. हातावरच्या लवेत अडकलेला तो भुसा ती बघतच राहिली.

"हा किती आहे तुझ्याकडे?"

"भुसा होय? पोती भरून ने," सुतार म्हणाला. "मला जागा होईल."

येसूनं भुसा पिठाच्या चाळणीनं चाळला. हळदीत नीळ कालवून हिरवा रंग केला, भुसा त्यात बुडवला आणि उन्हात वाळवला. बाभळीचा डिंक भिजवून डोंगरावर फासला आणि वरून भुसा भुरभुरला. सारा डोंगर हिरवागार झाला.

ती कौतुकानं बघत होती, तेवढ्यात खिंडीतून दोन गुराखी आले. उगवतवाडीची म्हातारी ठकूबाई आणि मावळतवाडीचा लिंबाजी. पाटलांच्या भांडणानंतर दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. पण डोंगर पाहून दोघं एकदमच थबकले.

"येसू, डोंगरावर पोपट बसलेत का गं?" ठकूबाईनं विचारलं.

"एवढं हिरवं गवत माझ्या आज्यानंसुद्धा पाहिलेलं नाही," लिंबाजी म्हणाला. मग आपण ठकूबाईच्या बोलण्याला दुजोरा दिला हे लक्षात येऊन गप्प बसला.

येसूचा चेहरा पडला. "मग कसं असतं गवत?"

"असं बसून कसं सांगायचं?" ठकूबाई म्हणाली. "वर चल की."

खरी गोष्ट अशी, की येसूचा जन्म त्या डोंगराच्या पायथ्याशी गेला, पण गवत म्हणून गवताकडे तिनं कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या सकाळी ती दोघांबरोबर डोंगर चढली. पुढचे सात दिवस रोज चढली. सुळक्यावरून उगवतीकडे पाहावं तर कातळावर पातळ माती, त्यावरचं गवत कार्तिकातच सोनेरी होऊन वाऱ्यावर झुलत होतं. मावळतीकडे पाहावं तर झऱ्याच्या घळीत ते अजून काळपट हिरवं, दाट, ओलं. झाडांच्या सावलीत गवत नाहीच. गुरांच्या वाटांवर उघडी तांबडी माती. आणि एका ठिकाणी म्हणून एक रंग नाही. हिरव्यात पिवळं, पिवळ्यात तपकिरी.

घरी येऊन तिनं डोंगर खरवडला आणि पुन्हा सुरुवात केली. बाभळीच्या सालीच्या काढ्यात थोडा भुसा बुडवला, तो तपकिरी झाला. नुसत्या हळदीत थोडा बुडवला, तो पिवळा झाला. मग तिन्ही ढिगांतली चिमूट चिमूट मिसळत ती जागेजागेला वेगळं गवत पेरू लागली. कातळावरच्या उंच गवतासाठी तिनं लिंबाजीकडून अंबाडीच्या दोराचे तुकडे आणले, उकलून त्यांचे तंतू केले आणि कातरीनं बारीक कापले. माप एकच: बैलाच्या गुडघ्याच्या वर जायचं नाही. म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढं.

आता अडचण आली ती अशी, की तंतू डिंकात उभे राहीनात. लावले की आडवे. येसूनं फुंकणीनं फुंकून पाहिलं, फणीनं विंचरून पाहिलं.

"लोळतंय तर डोंगरच उलटा कर," लिंबाजी चेष्टेनं म्हणाला.

येसूनं टाळी वाजवली. "लिंबाजी, शहाणा आहेस तू!"

तिघांनी मिळून दाराला दोर बांधले आणि डोंगर सुळका खाली करून आंब्याच्या फांदीला टांगला. तंतू आपसूक खाली लोंबले. डिंक वाळला, डोंगर सुलटा केला, आणि सोनेरी गवत ताठ उभं! उलटा टांगलेला डोंगर पाहायला दोन्ही गावं लोटली. भांडणाच्या नादात कित्येक महिन्यांत हसली नव्हती, ती त्या दिवशी पोट धरून हसली.

पण पाटील हसले नाहीत. गवत इतकं खरं दिसतंय म्हटल्यावर त्यांना काळजी लागली.

आधी उगवतवाडीचा आला. "आत्या, आमच्या बाजूचं गवत जरा विरळ कर. राजाला दया आली पाहिजे. माहेरासाठी एवढं कर."

"तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी," येसू म्हणाली. "मला शिकवू नकोस."

तो जातो न जातो तोच मावळतवाडीचा आला. "वहिनी, आमच्याकडचं गवत थोडं कमी दाखवा. सासरचं मीठ खाल्लंय तुम्ही."

"भाऊजी, डोंगर आहे तसा होईल," ती म्हणाली.

बोलली खरी. पण माहेर ते माहेर. दुपारी एकटी असताना तिला आईची आठवण आली, आईच्या गाईची आठवण आली. तिचा हात उगवतीच्या सोंडेवर गेला आणि तिथलं बोटभर गवत तिनं नखानं खरवडून टाकलं. कुणाला कळणार होतं?

संध्याकाळी ठकूबाई आली. डोंगराभोवती फिरता फिरता थांबली.

"येसू, इथं माझी कपिला व्याली होती. गुडघाभर गवत होतं, म्हणून तर वासराला लागलं नाही. ते गवत कुठं गेलं?"

येसूनं मान खाली घातली. ठकूबाई उगवतवाडीचीच. गवत कमी दिसलं असतं तर तिच्याच गुरांचं भलं होणार होतं. तरी ती विचारत होती.

"मी काढलं," येसू म्हणाली. "माहेराला जास्त मिळावं म्हणून."

ठकूबाई रागावली नाही. शेजारी बसली आणि म्हणाली, "अगं, सारं गाव खोटं बोलतंय. निदान गवताला तरी खरं बोलू दे."

येसूनं डोळे पुसले, डिंकाची वाटी ओढली आणि ते बोटभर गवत पुन्हा पेरलं.

पौर्णिमा चार दिवसांवर आली. दार उचलायला चार माणसं लागत होती, दोन या गावची, दोन त्या गावची. पहिल्या दिवशी चौघं चार पावलांनी चालले आणि डोंगर गदागदा हलला. दुसऱ्या दिवसापासून चौघांनी पावलाला पाऊल जुळवलं. पाटील मागून आले. येसू आणि दोघे गुराखी पुढे होते.

राजानं डोंगर पलंगाशी ठेवून घेतला. मग त्यानं वाकून एका सोंडेवर हलकेच बोट फिरवलं, आणि गवत वाकून पुन्हा उभं राहिलं.

"हे पाचूच्या चुऱ्याचं आहे का?" त्यानं विचारलं.

"भुशाचं आहे, महाराज. आणि जुन्या दोराचं."

राजानं एक दोरा मागवला आणि सुळक्यावरून मधोमध आडवा ठेवला. "ही रेघ. चालेल?"

दोरा ठेवताच सगळ्यांना दिसलं. एका अंगाला सगळं सोनेरी, दुसऱ्या अंगाला सगळं हिरवं.

"महाराज, अन्याय!" उगवतवाडीचा पाटील ओरडला. "आमचं गवत आत्ताच वाळलंय. उन्हाळ्यात आमची गुरं खातील काय?"

मावळतवाडीचा पाटील मिशीत हसला. तेवढ्यात त्याच्याच गावचा लिंबाजी पुढे आला.

"महाराज, आमच्या बाजूला पावसाळ्यात चिखल होतो. गुरांच्या खुरांना रोग लागतो. तेव्हा आमची गुरं त्यांच्या कातळावर चरतात. ही रेघ मारलीत तर उन्हाळ्यात त्यांची गुरं मरतील आणि पावसाळ्यात आमची."

मावळतवाडीच्या पाटलाचं हसू मावळलं.

"तुम्हाला हे ठाऊक नव्हतं?" राजानं दोघा पाटलांना विचारलं. "शेवटचे कधी चढला होतात वर?"

दोघेही एकमेकांच्या मागे सरकू लागले.

राजानं दोरा उचलला आणि गुंडाळून उशाखाली ठेवला. "रेघ नाही. पावसाळ्यात दोन्ही गावांची गुरं कातळावर, उन्हाळ्यात दोन्ही गावांची झऱ्यावर. आणि दर महिन्याला दोघे पाटील या दोघा गुराख्यांबरोबर डोंगर चढतील."

त्या उन्हाळ्यात एकाही गोठ्यातलं जनावर उपाशी राहिलं नाही. दोन्ही पाटील दर महिन्याला धापा टाकत सुळक्यावर पोचत, आणि खाली उतरायला दम नसल्यामुळे तिथंच एकमेकांशेजारी बसून सुखदुःखाच्या गोष्टी करत. राजानं येसूला सोन्याचं कडं दिलं आणि डोंगर आपल्या न्यायसभेत ठेवला. जमिनीचा तंटा घेऊन कुणी आलं, की तो आधी विचारायचा, "तिथलं गवत कसं आहे, पाहून आलात का?"

सांगायचं ते एवढंच: जवळ जाऊन नीट पाहणाऱ्याच्या हातात भुशाचंही खरं गवत होतं, आणि खरं समोर आलं की भांडणाला उभं राहायला जागा उरत नाही.