डोंगरावरचा आंधळा सरदार

कुठल्या काळची ही गोष्ट, ते आता कुणालाच सांगता येणार नाही, इतकी ती जुनी आहे. एका राज्यात एक कथा घरोघरी सांगितली जाई. धरण फुटलं तेव्हा गाव कसं वाचलं, त्याची ती कथा.

तिच्यात एक बहिरा ढोलवाला होता. त्याला पाण्याचा आवाज ऐकू आला नाही, पण तळपायाला जमीन थरथरल्याचं कळलं, आणि त्याने ढोल बडवून गाव उठवलं. एक मीठवाली होती. तिने आपल्या मिठाच्या गोण्या भगदाडात टाकल्या. मीठ विरघळलं, पण तेवढ्या वेळात दगड येऊन पोचले. आणि एक सरदार होता. माणसांच्या रांगेच्या अगदी शेवटी कमरेइतक्या चिखलात उभा राहून तो दगड पुढे देत होता.

राजाने ही कथा डोंगराच्या कड्यावर कोरायला सांगितली. काम एका पाथरवटणीकडे आलं. नऊ वर्षं ती त्या कड्याला लटकून राबली. ढोलवाला झाला, मीठवाली झाली, आणि मग राजा बघायला आला.

"सरदार मधोमध घ्या," राजा म्हणाला. "सगळ्यांच्या तिप्पट उंच. आणि चेहरा माझा."

"महाराज, तो शेवटी उभा होता. म्हणून तर तो सरदार."

"कथा बदलता येते, बाई."

"सांगणाऱ्याला येत असेल. मी दगडात खोटं कोरणार नाही."

प्रधान हसला. "नऊ वर्षांत बाईंचा स्वभावही दगडाचा झालाय!"

राजाने दरबारी कारागीर बोलावले आणि पाथरवटणीला बजावलं, "लोकांनी माझा सरदार ओळखला, तर तू छिन्नी ठेवायची आणि राज्य सोडायचं."

"आणि नाही ओळखला तर सरदार कोरायला रांगेच्या शेवटचा दगड माझा," ती म्हणाली.

त्या राज्यात एक रीत होती. मूर्ती पूर्ण झाली तरी तिचे डोळे कोरत नसत. लोकांनी येऊन, कुणी न सांगता, ती कोणाची ते ओळखायचं. मगच डोळे उघडायचे.

ठरल्या दिवशी सगळं राज्य कड्याखाली जमलं.

"अगं, ही मीठवाली! टाचा बघ कशा फुटल्यात मिठाने!" एक म्हातारी ओरडली.

"आणि हा ढोलवाला. बघा, कान नाही, पाय टवकारून उभा आहे!"

लोक हसले. दोघांचेही डोळे कोरले गेले. मग सगळे मधल्या मूर्तीसमोर आले. उंच, तलवारधारी, झगझगीत. सरदार असं कुणीच म्हणेना.

"हे तर आपले महाराज," शेवटी म्हातारी म्हणाली. "पण महाराज त्या कथेत कुठे होते?"

"आजीबाई, हा सरदार आहे, सरदार!" प्रधानाला राहवलं नाही.

"सांगावं लागलं ना? मग डोळे नाहीत."

रीत मोडायची हिंमत राजालाही झाली नाही. खाली मान घालून त्याने शेवटचा दगड पाथरवटणीला दिला.

तिने पावसाळ्याआधी काम संपवलं. कमरेपर्यंत चिखल, वाकलेली पाठ, हातात दगड. तलवार नाही, मुकुट नाही. लोक वाटेच्या वळणावर पोचले आणि लांबूनच शंभर तोंडांतून एकदम शब्द निघाला, "सरदार!"

त्याचे डोळे तिने त्याच दिवशी कोरले.

मधली मूर्ती अजून तशीच आहे. वाटसरू विचारतात, "एवढा मोठा हा कोण हो?"

शेळ्या राखणाऱ्या बायका सांगतात, "कोणी नाही. पण दुपारची सावली फार छान पडते याची."

तात्पर्य: माणसाची उंची त्याच्या कामाने ठरते, दगड वाढवून ती वाढत नाही.