देवाचा डबा

फार पूर्वी, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात सगुणाबाई नावाची एक बाई राहत होती. वार, उपास, व्रत, काही म्हणून चुकवायची नाही. तिच्या फडताळात तांदळाचे दोन डबे असत, एक घरचा आणि एक देवाचा. निवडताना अख्खा दाणा घरच्या डब्यात जाई. कणी, पिवळा पडलेला, किडका दाणा देवाच्या. गावातल्या साऱ्याच बायका असं करत. सुपारी किडकी निघाली की ती पूजेची, तूप खवट झालं की ते निरांजनाचं. सगुणाबाईला यात वावगं असं कधी वाटलंच नाही.

तिच्या लेकीला, वेणूला, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस गेले. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली, ती पार वाळून. पोटात अन्न ठरत नव्हतं. गावची रीत अशी, की लेक बाळंतपणाला आली की त्याच दिवशी आईनं देवीची ओटी भरायची. गुरव ओटीतले तांदूळ टोपलीत ओती आणि टोपलीतले पसाभर प्रसाद म्हणून परत देई. लेकीचा माहेरचा पहिला घास त्याच तांदळाचा.

वेणूसाठी सगुणाबाईनं आंबेमोहोर जपून ठेवला होता. ओटी भरायला मात्र सवयीनं हात देवाच्या डब्यात गेला. टोपलीत सगळ्यांचे तांदूळ मिसळतात, आपले कोण ओळखणार, असंही मनात आलं असेल. पण त्या दिवशी टोपली रिकामी होती. गुरवानं तिचेच तांदूळ ओतले आणि त्यातलेच तिला दिले.

घरी येऊन तिनं ते सुपात पसरले, तर किडे चालू लागले. हे लेकीला कसं घालायचं? आणि टाकायचं तरी कसं, प्रसाद तो.

तिनं शेजारच्या बयोकाकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, प्रसाद कधी बाधत नाही, डोळे मिटून घाल. जाऊबाईनं निराळंच सांगितलं, गुपचूप आंबेमोहोर शिजव नि प्रसाद म्हणून वाढ, देवी काय तुझ्या चुलीत डोकावते? सगुणाबाईचं डोकंच चालेना. प्रसाद बाधत नाही, तर मग आपला हात का आखडतोय? आणि कीड जर आपणच वाहिली, तर परत आली ती देवीची कृपा, की आपलीच कीड?

शेवटी तिनं आंबेमोहोर शिजवला आणि ताट वाढलं. वेणूनं भाताला हात जोडले.

"हा देवीचाच ना गं, आई?"

सगुणाबाईला हो म्हणवेना. तिनं सगळं सांगून टाकलं. वेणूनं सूप पुढे ओढलं.

"मला एक दिवस हे घालायचं तर तुझा जीव एवढा खालीवर झाला," ती हळूच म्हणाली. "देवीला कधीपासून घालतेस?"

"अगं, ती देवी आहे..." सगुणाबाईनं सुरुवात केली, आणि वाक्य अर्धंच टाकून उठली.

तिनं ताट झाकलं, उरलेला आंबेमोहोर सगळा ओच्यात घेतला आणि पुन्हा देवळात गेली.

गुरव म्हणाला, "वहिनी, सकाळीच भरलीत ना ओटी?"

"सकाळी ओटी नव्हती भरली, दादा. डबा रिकामा केला होता."

गुरवाला काही उमगलं नाही. सकाळचे उरलेले तांदूळ तिनं टोपलीतून मागून घेतले. ते आणि घरी सुपातले तिनं पुढे निवडून, धुऊन स्वतःच खाल्ले, कारण प्रसाद तिला टाकवेना. टोपलीत आंबेमोहोर पडला, त्यातला पसाभर घेऊन ती घरी आली आणि पुन्हा चूल पेटवली.

वेणूनं चार घास खाल्ले. थांबली, पोटावर हात ठेवून जरा वाट पाहिली. मग ताट पुढे केलं.

"आणखी वाढ गं."

वाढता वाढता सगुणाबाईचा पुन्हा गोंधळ झाला. हे लेकीचे तांदूळ आपण देवीला दिले, की देवीनं तिचे लेकीला? आत्ता नेमकं कोणाला वाढतोय आपण? मात्र या वेळी हात आखडत नव्हता.

तात्पर्य काय, तर आपल्या लेकराच्या ताटात जे वाढणार नाही, ते देवापुढेही ठेवू नये.