टोचणाऱ्या दोन चोची

बैल बोलत असत तेव्हाची गोष्ट. जोखडाने मान सोलून निघालेला म्हातारा चांद्या संध्याकाळी बाभळीखाली मटकन बसला. मानेवर बसलेला कावळा सगळ्या गुरांना ऐकू जाईल असा ओरडला, “संपला हा! उद्या घाटात पडणार!” आणि त्याने जखमेत चोच घातली. चांद्याने शिंग उगारलं.

कानातली गोचीड काढता काढता साळुंकी हळूच म्हणाली, “चांददादा, घाट आता तुझ्याच्याने होणार नाही. उद्या जोखड आणलं तरी उठू नकोस.” चांद्याने मान डोलावली.

कावळा चिडला. “तेच मी बोललो तर मला शिंग?”

“खरं काय ते मला ठाऊकच होतं रे,” चांद्या दमून म्हणाला. “चोच तिचीही टोचते. पण ती माझी गोचीड घेऊन उडते आणि तू माझं मांस.”