शेवंताची दाढ

नदीच्या वळणावर वसलेल्या एका गावात भागूबाई नावाची माळीण राहत होती. तिच्या हाताला गुण होता. लेकराचं पोट दुखो की कुणाला उसण भरो, माणसं आधी तिच्याच दारात येत. दातदुखीवर तर तिचा हातखंडा. कुटलेली लवंग दाढेत भरायची, गरम विटेचा शेक द्यायचा, की रडत आलेला माणूस हसत घरी जाई.

घरात मुलगा किसन आणि सून शेवंता. भागूबाईला लेक नव्हती, ती हौस तिने सुनेत भागवली. शेवंताच्या ताटात साय तीच वाढायची, तिची वेणी तीच घालायची.

दसरा तोंडावर आला होता. मळ्यात झेंडू फुलून आला होता आणि नेमकी तेव्हाच शेवंताची किडकी दाढ ठणकू लागली. भागूबाईने लवंग भरली, शेक दिला. ठणका थांबेना.

"आई, हिला तालुक्याला दाखवून आणतो," किसन म्हणाला.

"दाढ दुखून कुणी मेलंय का रे? मी आहे ना!"

आणि खरंच, एके दिवशी ठणका आपोआप थांबला. भागूबाई हरखली. शेजारणीला बोलावून तिने सांगितलं, "बघ, उतरला की नाही!"

पण शेवंताचा गाल सुजला होता. बघता बघता सूज जबड्याखाली उतरली, गळा दगडासारखा टणक झाला. अंगात ताप भरला. तोंड बोटभरही उघडेना. भाकरी सोडा, पेजही घशाखाली उतरेना. भागूबाईने असं कधी पाहिलं नव्हतं. 'हे आपल्या हातातलं नाही,' असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण मग गाव काय म्हणेल? साऱ्या गावाला औषध देणाऱ्या भागूबाईची सून दाढेसाठी डॉक्टरकडे गेली? तिने शब्द गिळले आणि वीट पुन्हा चुलीत सारली.

सकाळी फुलं तालुक्याच्या बाजारात न्यायला टेम्पो दारात आला. शेवंता चौकट धरून बाहेर आली. तोंडात लाळ साठल्यामुळे शब्द धड फुटत नव्हते.

"आत्या, थुंकी गिळवत नाही. मला नेऊ द्या ना यांना."

किसनने आईकडे पाहिलं.

"टेम्पोत फुलं भरलीत, ती बसणार कुठं?" भागूबाई म्हणाली. "अन् ठणका तर थांबलाय. सूज काय, दुपारपर्यंत उतरंल."

किसन क्षणभर घुटमळला. मग आईवर भरवसा ठेवून टेम्पोत चढला.

दुपारपर्यंत सूज उतरली नाही. शेवंताला आडवंही होता येईना. ती पुढं वाकून बसली. तोंडातून लाळ गळत होती आणि श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. तो आवाज ऐकला आणि भागूबाईचा सारा मान गळून पडला. ती अनवाणी धावत सुटली. शेजारच्या मळ्यातली जीप तिने हातापाया पडून आणवली.

वाटभर तिने सुनेला छातीशी धरलं होतं. "पोरी, आलंच बघ तालुक्याचं गाव. दम धर." शेवंताने तिचं मनगट घट्ट पकडलं होतं. दवाखान्याची पाटी दिसू लागली, तेव्हा ती पकड सुटली.

डॉक्टरांनी जमेल तेवढं केलं. मग बाहेर येऊन म्हणाले, "दाढेतला पू गळ्यात उतरला आणि श्वासाची वाट बंद झाली. सकाळी आणलं असतं, तर वाचवता आलं असतं."

"पण तिचं दुखणं थांबलं होतं हो!" भागूबाई ओरडली.

"दाढेची नस मेली की ठणका थांबतो, आजी. पू थांबत नाही."

निरोप मिळताच किसन बाजारातून धावत आला. सदऱ्याला झेंडूच्या पाकळ्या तशाच चिकटलेल्या होत्या. त्याने शेवंताकडे पाहिलं, आईकडे पाहिलं.

भागूबाईने औषध देणं बंद केलं. कुणी आलं तर ती हात जोडून दवाखान्याचा रस्ता दाखवी. पण शेवंता त्याने परत येणार नव्हती. रोज जेवण वाढून ती किसनसमोर बसायची. आज तरी हा म्हणेल, 'आई, तू मारलंस तिला.' मग आपल्याला मोकळेपणी रडता येईल, असं तिला वाटे. किसन मुकाट जेवायचा, हात धुवायचा आणि उठून जायचा. भागूबाईचे डोळे मिटेपर्यंत त्याने तो शब्द काढला नाही. कसा काढणार? बायको चौकट धरून उभी असताना टेम्पोत चढून निघून गेला होता तो स्वतःच.

तात्पर्य: सूज गळ्याकडे उतरली, ताप भरला, तोंड उघडेना, थुंकी गिळवेना किंवा श्वास अडू लागला, की ती नुसती दातदुखी राहत नाही, तिथं जिवाशी गाठ असते. मग ठणका थांबला म्हणून निर्धास्त होऊ नये. घरची औषधं आणि घरचा मान दोन्ही बाजूला ठेवून त्याच घटकेला दवाखाना गाठावा. उशिरा आलेल्या शहाणपणाने गेलेलं माणूस परत येत नाही.